मावशीच्या झोळ्या

(पँट कापतानाचा शॉट. कात्रीचा आवाज राहू द्या, निवेदन पाच सेकंदांनी.)

ही जीन्स माझ्या मावसभावाची. बारावीत असताना घेतलेली, गुडघ्यावर फाटली तेव्हा फॅशन होती, मग नको तिथं फाटली आणि माळ्यावर गेली. आता मावशी काय करून राहिली बघा. गुडघ्याच्या वर कात्री लावली, सरळ कापत गेली, आणि खालचा जो पाय उरला तो तसाच ठेवला, नळीसारखा, शिवण उसवायचीच नाही. चार कोपऱ्यांना चार कड्या लावल्या की झाला टनेल हॅमॉक. दुकानात, ऑनलाइन, सगळीकडे या नावानं मिळतो. मावशी त्याला झोळी म्हणते. साडीची बांधतात ना तान्ह्या बाळाला, ती झोळी. इथं बाळं तीन आहेत आणि तिघींना शेपूट आहे, पाळलेल्या उंदीर माद्या.

(पिंजरा, जवळून.)

ही डोक्यावर तपकिरी टोपी घातल्यासारखी दिसते ती तर्री. राखाडी आहे ती चना, सगळ्यात म्हातारी. आणि ही जी जिन्यावरून उतरताना धपकन पडली ती सांबारवडी, किचनच्या काट्यावर ३५० ग्रॅम भरली परवा. तिघी एकत्र का, तर हा प्राणी एकटा ठेवायचाच नसतो, एकटा राहिला की खचतो, निदान दोन तरी पाहिजेत आणि दोन्ही माद्या किंवा दोन्ही नर, नाहीतर महिन्याभरात पिंजरा पुरायचा नाही.

नागपुरात सक्करदऱ्यातलं घर, दुसरा मजला. शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "आमी उंदराचं औषध आणून राहिलो अन् तुमी त्याईले पाळून राहिले?" काकू कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या.

तर थोडं मागं जाऊ. माळ्यावर खुडबुड करतो तो काळा उंदीर वेगळा, रॅटस रॅटस. ह्या तिघी रॅटस नॉर्व्हेजिकसच्या, म्हणजे तपकिरी उंदराच्या पिढ्यांमधल्या. लंडनमधे राणी व्हिक्टोरियाच्या काळात जॅक ब्लॅक नावाचा एक उंदीर पकडणारा होता, स्वतःला राणीचा उंदीर पकडणारा म्हणवून घ्यायचा, तर उंदीर पकडताना त्याला जे वेगळ्या रंगाचे मिळायचे ते तो मारायचा नाही, ठेवायचा, त्यांची पिल्लं काढायचा आणि विकायचा. मग १९०१ साली इंग्लंडमधल्या एलिसबरीच्या प्रदर्शनात मेरी डग्लस नावाच्या बाईंमुळे उंदरांचा वेगळा वर्ग ठेवला गेला, आणि हौशी लोकांचा हा छंद सुरू झाला तो तिथून. ह्या व्हिक्टोरिया राणीला लक्षात ठेवा, नागपुरात ती परत येणार आहे.

(जमिनीवर कपड्यांचं बोचकं. वरून घेतलेला शॉट.)

हे बोचकं म्हणजे खरं तर भांडेवालीसाठी बांधलेलं. सात-आठ शर्ट दिले की एक स्टीलची गंजी मिळते, ती पण पातळ. मावशीनं ते सोडलं आणि वेगळे ढीग लावले. हा भाग मी लांब ठेवलाय मुद्दाम, कारण लोकांना वाटतं कापडाचा तुकडा टांगला की झालं. नाही होत. उंदराची नखं बारीक असतात, आणि दात आयुष्यभर वाढतच राहतात, म्हणून ते कुरतडणारच, त्यात त्यांचा काय दोष. प्रश्न एवढाच की कुरतडल्यावर कापडाचं काय होतं. स्वेटशर्टच्या आत असतं तसं फ्लीस, त्याचे धागे सुटत नाहीत, कडा दुमडायची पण गरज नाही, म्हणून ते सगळ्यात वर. होजियरी, म्हणजे टीशर्ट, बनियान, कडेला गुंडाळी होते पण सुटत नाही, चालतं. जीन्सच्या कडेचे धागे निघतात पण कापड टिकाऊ, म्हणून कड आत दुमडून दोनदा शिलाई, आणि टाका बारीक, एवढा बारीक की त्यात बोट अडकलं नाही पाहिजे. सुती साडी उन्हाळ्यासाठी सोन्यासारखी, फक्त दोन पदर घ्यायचे आणि कडा पूर्ण आत. लोकरीचा स्वेटर बाद. टर्किश टॉवेल पण बाद, त्याला ते छोटे छोटे फासे असतात ना, नख त्यातच अडकतं.

तर्रीच्या मागच्या पायाला एक बोट कमी आहे, कोणाच्या लक्षात आलं असेल. टॉवेलचीच झोळी होती, रात्री धागा गुंडाळला गेला, सकाळी बोट काळं. त्याचं शूटिंग नाही.

(मशीन. पायाचा क्लोजअप, मग सुई.)

मशीन पायाची आहे, मावशीच्या लग्नातली. आता बघा, साधी चौकोनी झोळी. दीड वीत बाय दीड वीत, दोन तुकडे, उलट बाजू बाहेर ठेवून तीन बाजू शिवायच्या, सुलट करायचं, चौथी बाजू बंद. त्याआधी बटणं, चेन, नाड्या, इलास्टिक, जीन्सचे ते तांब्याचे खिळे, सगळं काढून टाकायचं. इलास्टिक तर आधी काढा, गिळलं तर आतड्यात अडकू शकतं. बटणं जातात बिस्किटाच्या डब्यात, तो डबा तुमच्याही घरी आहे, नाही म्हणू नका. कोपऱ्यांना मावशी जीन्सची कडेची जाड शिवण कापून तिचे लूप लावते, दोरीपेक्षा मजबूत, फुकट. त्यात चावीची स्टीलची रिंग आणि ती पिंजऱ्याच्या तारेला. प्लॅस्टिकचं हुक लावलं होतं आधी, दोन दिवस टिकलं. सेफ्टी पिन लावू नका, ती कधी उघडेल सांगता येत नाही.

टांगताना थोडी ढिली, मधे खोलगट व्हायला पाहिजे, ताणून बांधली की सांबारवडी घसरते. हे बघा. परत बघा, दोनदा घेतलाय हा शॉट.

(तर्री झोळीत. डोळे.)

आता हे जे डोळे थरथरून राहिले, आत-बाहेर होऊन राहिले, घाबरू नका. दात एकमेकांवर घासते ती, तेव्हा जबड्याच्या हालचालीनं डोळे असे हलतात, बहुतेक वेळा निवांत असले की करतात. हसतात पण, म्हणजे गुदगुल्या केल्या की ५० किलोहर्ट्झच्या आसपास आवाज काढतात, माणसाला २० च्या वरचं ऐकू येत नाही आणि आपल्या माइकला पण नाही आलं, त्यामुळे इथं तुम्हाला फक्त कूलर ऐकू येईल.

कूलरवरून आठवलं. हे शूटिंग मे महिन्यातलं आहे. २०१३ च्या मे मधे नागपुरात तापमान ४७.९ अंश झालं होतं, त्या मानानं हे काहीच नाही, पण उंदराला तीस अंशांच्या वरच त्रास सुरू होतो. माणसासारखा अंगभर घाम त्याला येत नाही, उष्णता बाहेर टाकतो तो मुख्यतः शेपटीतून. म्हणून उन्हाळ्यात फ्लीस सगळं काढायचं आणि पातळ साडीची झोळी, खालून वारा लागतो. पिंजरा कूलरच्या खोलीत पण थेट झोतासमोर नाही. आणि ही पायमोज्यात घातलेली बर्फाची बाटली, तिला चिकटून पडलेली चना. डिसेंबरात सगळं उलट, तेव्हा फ्लीस दोन पदरी.

(गच्ची, दोरीवर झोळ्या वाळताना.)

सुंदर शॉट आहे हा, म्हणून ठेवला. सोळा झोळ्या. नव्या झोळीत गेल्या की पहिलं काम मुतायचं, आपली खूण करायची, आणि त्या मुतातला अमोनिया त्यांच्याच फुफ्फुसाला वाईट, शिंकायला लागतात, म्हणून तीन-चार दिवसांनी धुणं आलंच. वासाचं पावडर नको. सगळ्या एकदम धुवायच्या पण नाहीत, एक जुनी आत राहू द्यायची, नाहीतर घर परकं वाटतं त्यांना आणि परत सगळीकडे मुतत फिरतात. नागपूरच्या उन्हात तासाभरात कडक वाळतात. पावसाळ्याचं विचारू नका.

(बोचक्यातून पांढरा शर्ट. मावशीचे हात.)

हा शर्ट मावशीच्या सासऱ्यांचा. एम्प्रेस मिलमधे होते. जमशेटजी टाटांची मिल, १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. आता तिथं मॉल आहे. शर्ट भांडेवालीला तीन वेळा द्यायला काढला आणि तीन वेळा परत आला, असं मावशी म्हणाली.

पाठीचा भाग घेतला. कॉलर तशीच ठेवली, कुठं ते विचारलं नाही.

ही झोळी चनासाठी. दोन वर्षांच्या वर झाली ती, हे प्राणी साधारण दोन ते तीन वर्षं जगतात, म्हातारपणी मागचे पाय जातात. म्हणून ही टांगली तळापासून चार बोटांवर, पुढची कड खाली सोडून, उडी मारायची गरज नाही, नुसतं चालत जायचं.

(इथं निवेदन नाही. चना झोळीपर्यंत येते तो पूर्ण शॉट, ४० सेकंद, कापू नका.)

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाला भोक होतं, अंगठा जाईल एवढं. चनाचं काम नाही हे. तर्री वरच्या जीन्समधे झोपलीय, पाठ फिरवून.

मावशीनं परत बोचकं सोडलं.