उरलेल्या गोळ्यांचा हिशेब

(वृद्धाश्रम चालवणाऱ्यांच्या मेळाव्यात एका फार्मासिस्टने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, वृद्धाश्रमात एखाद्या आजी गेल्या की त्यांच्या साड्या, चष्मा, पोथी घरच्यांच्या हवाली होतात. औषधांचा डबा मात्र सहसा कुणी मागत नाही. त्यात बीपीच्या, शुगरच्या, थायरॉइडच्या गोळ्या असतात, अर्धवट वापरलेलं इन्शुलिनचं पेन असतं, झोपेच्या गोळ्या असतात. हा डबा ऑफिसच्या कपाटात जातो. आज मला त्या कपाटाबद्दलच बोलायचं आहे.

डबा ठेवून देण्यामागे भावना चांगली असते. महागाची औषधं टाकवत नाहीत, दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील असं वाटतं. पण त्यातली एक स्ट्रिप हातात घेऊन बघा. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बहुधा एकाच टोकाला छापलेली असते. कात्रीने चार गोळ्या कापून घेतल्या की एका तुकड्यावर तारीख राहते, दुसरा बिनतारखेचा होतो. पुढे सिस्टर त्या गोळ्या सोडवून सकाळ-दुपार-रात्रीच्या खणांत भरतात. सुट्या झालेल्या दोन पांढऱ्या गोळ्यांपैकी शुगरची कुठली आणि बीपीची कुठली, हे मला विचारलंत तरी मी खात्रीने सांगणार नाही. थायरॉइडच्या गोळीला दमट हवा आणि उष्णता सोसत नाही. आपल्या पावसाळ्यात ती उघडी राहिली तर तिचा गुण कमी होतो. आणि इन्शुलिनचं पेन तर सुई बदलूनसुद्धा दुसऱ्या माणसाला वापरायचं नाही. पहिल्याचं रक्त आतल्या कार्ट्रिजमध्ये ओढलं गेलेलं असू शकतं.

म्हणून सुटं, कापलेलं, उघडलेलं औषध दुसऱ्या कुणालाही द्यायचं नाही. अखंड, सीलबंद, तारीख दिसणाऱ्या स्ट्रिपचा विचार करता येतो. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा इथे 2004 पासून निवृत्त डॉक्टर नर्सिंग होममधली, म्हणजे तिथल्या वृद्धाश्रमांतली, अशी न वापरलेली औषधं गोळा करतात, फार्मासिस्ट ती तपासतात आणि गरीब रुग्णांना मोफत देतात. मला या कामाचं फार कौतुक आहे. पण त्यासाठी राज्याने आधी कायदा केला. शिवाय तिथे गोळ्या सीलबंद कार्डात येतात आणि नर्सच्या ताब्यात कुलपात राहतात. आपल्याकडे ती साखळी नाही. तेव्हा एका आजीच्या डब्यातून दुसऱ्या आजीच्या डब्यात परस्पर बदली करू नका. अखंड स्ट्रिप बिलासह केमिस्टला परत करायचा प्रयत्न करा. बरेच जण घेतात.

बाकीची कुठे जातात? बेसिनमध्ये किंवा संडासात. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्येही हीच पद्धत होती. 2002 साली तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने 139 प्रवाहांच्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. औषधं, हॉर्मोन आणि इतर सांडपाण्यातली रसायनं धरून 80 टक्के ठिकाणी काही ना काही सापडलं. यातली बरीचशी औषधं माणसाच्या लघवीतूनच जातात, हेही सांगितलं पाहिजे. पण जे टाळता येतं ते तरी टाळावं! 2014 च्या नियमांनी तिथे नर्सिंग होममध्ये नको असलेली औषधं टाकायला फार्मसीच्या कुलूपबंद पेट्या ठेवायला परवानगी मिळाली आणि 2019 पासून घातक वर्गातली औषधं गटारात सोडायला आरोग्यसंस्थांना बंदी आली.

औषध संडासात टाकू नये, याला एक अपवाद आहे आणि तो जीव वाचवणारा आहे. कॅन्सरच्या वेदनांसाठी फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाचा पॅच, म्हणजे चिकटपट्टी, त्वचेवर लावतात. तीन दिवसांनी काढला तरी त्यात बरंच औषध शिल्लक असतं; लहान मूल त्याने दगावू शकतं. आपल्या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने 2025 मध्ये फ्लश करायच्या 17 औषधांची यादी दिली, त्यात फेंटानिल आहे, ट्रामाडोल हे वेदनाशामक आणि डायझेपाम हे गुंगी आणणारं औषधही आहे. असा पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि दोन माणसांसमोर फ्लश करून वहीत दोघांच्या सह्या घ्या. कपाटातून सगळ्यात आधी चोरीला जातात ती हीच औषधं.

उरलेल्यांसाठी जवळच्या रुग्णालयाशी बोला. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार त्यांच्याकडची टाकाऊ औषधं पिवळ्या वर्गात, म्हणजे वेगळ्या नष्ट करायच्या कचऱ्यात जातात. तुमचीही त्यांच्यामार्फत पाठवता येतील का, हे विचारा. आणि मुळात उरूच नयेत म्हणून नवीन औषध सुरू झालं की महिन्याचं भरू नका, आधी आठवड्याचं आणा. डॉक्टरांनी गोळी बदलली त्याच दिवशी जुनी डब्यातून काढा. दोन्ही चालू राहिल्याने आजोबा चक्कर येऊन पडतात.

केरळने 2025 साली कोझिकोडमध्ये घरोघरची नको असलेली औषधं गोळा करायची सरकारी योजना सुरू केली. महाराष्ट्रातही अशी योजना व्हावी यासाठी मी निवेदन लिहून आणलं आहे. अन्न व औषध प्रशासनाला ते द्यायचं आहे. चहाच्या टेबलावर ठेवतो, वाचून पटलं तर आपल्या संस्थेच्या शिक्क्यासह सही करा.