ढेकूण आणि लोटलेलं दार

नमस्कार मंडळी.

चाळीत आमच्याकडे नवारीची खाट होती. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी दुपारी आई दार लोटून घ्यायची आणि किटलीतलं उकळतं पाणी खाटेच्या सांध्यांत ओतायची. मी काडेपेटीतली काडी घेऊन नवारीच्या घड्यांतून ढेकूण उकरून काढायचो. चिरडला की कोथिंबिरीसारखा, पण उग्र वास यायचा. आईची ताकीद एकच : बाहेर बोलायचं नाही.

ही ताकीद न्यूयॉर्कमध्येही होती बरं का! दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी या कीटकनाशकाने तिथला ढेकूण जवळजवळ संपवला होता. पण 1947 सालीच हवाईत डीडीटीला न जुमानणारे ढेकूण सापडले, आणि नव्या शतकात स्वारी थाटात परतली. शहराच्या 311 या तक्रार क्रमांकावर 2004 साली ढेकणांचे सुमारे 500 फोन आले होते, 2009 साली जवळपास 11,000. 2010च्या उन्हाळ्यात तर एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या तळघरात ते निघाले. आता त्या इमारतीला गलिच्छ कोण म्हणेल? ढेकणाला स्वच्छ-अस्वच्छ कळत नाही, त्याला रक्त हवं असतं. तो कुठला आजार पसरवतो असंही सिद्ध झालेलं नाही. मग आरोग्य खात्याने त्यात का पडायचं? तर माणसाची झोप जाते, अंग खाजवून जखमा होतात, आणि घाबरलेली माणसं हाताला लागेल ते विष गादीवर फवारतात म्हणून.

2009 साली नगर परिषदेने कायदा करून सल्लागार मंडळ नेमलं. औषधापेक्षा माहिती दडवण्याचा प्रश्न मोठा होता. भाडेकरू घरमालकाला घाबरायचा, आणि मालक नव्या भाडेकरूला काही सांगायचा नाही. म्हणून 2010 साली राज्याने नियम केला : भाडेकरार करताना मागच्या वर्षभरात त्या घरात, त्या इमारतीत ढेकूण झाले होते का, हे मालकाने लिहून द्यायचं. पुढे 2017च्या कायद्याने मालकांना दरवर्षी शहराकडे तसा अहवाल देणं भाग पडलं. घरात ढेकूण निघाले तर ते काढायचा खर्च मालकाचा. ढेकूण हुंगून शोधणारी बीगल कुत्रीसुद्धा महापालिकेने ठेवली होती.

मला सगळ्यांत आवडला तो गादीचा नियम. ढेकणांची गादी रस्त्यावर टाकली की रात्री कुणी गरजू ती उचलून घरी नेतो, आणि ढेकूण फुकटात नव्या बिऱ्हाडी जातात. म्हणून 2011पासून टाकायची गादी प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलीच पाहिजे, नाहीतर 100 डॉलर दंड. आपल्याकडे जुन्या बाजारात गादी, कपाट, सोफा घेताना आपण लाकूड ठोकून बघतो, सांधे मात्र बघत नाही.

आणखी एक गोष्ट. एका घरात ढेकूण सापडले की वरचं, खालचं आणि दोन्ही बाजूंची घरंही तपासायची. कारण पूर्ण वाढलेला ढेकूण रक्ताविना काही महिने काढू शकतो. एकाच खोलीत फवारणी झाली की उरलेले भिंतीच्या फटीतून, वायरच्या भोकातून पलीकडे सरकतात. मादी रोज दोन-चार अंडी घालते, आणि पुष्कळशा फवाऱ्यांचा अंड्यांवर फारसा परिणाम होत नाही. म्हणून दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा यावं लागतं. हे काम एकट्या बिऱ्हाडाच्या आवाक्यातलं नाही.

चाळ पाडायच्या आधी शेवटचं स्नेहसंमेलन झालं. जेवणं उरकल्यावर कुणीतरी ढेकणांचा विषय काढला. शेजारच्या काकू हसतहसत आईला म्हणाल्या, "अहो, आम्हीसुद्धा किटली ठेवायचो. शनिवारी. दार लावून."

आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "तरीच रविवारी आमच्याकडे इतके निघायचे!"