कार्डावरचा फोटो आणि दारावरचा माणूस

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘वैमानिकांचं ओळखपत्र आणि सीमेची सुरक्षा’. माझा जीव आपल्या या किनाऱ्यात अडकलाय, पण तिथे पोचायला मला अमेरिकेवरून वळसा घालावा लागेल. तेवढी मुभा द्या.

आधी हे कार्ड बघा. माझा एक जुना विद्यार्थी सुट्टीवर घरी आलाय, त्याचा हा अमेरिकन वैमानिक परवाना. पहिल्या रांगेपासून मागे जाऊ द्या. फोटो दिसतोय का? दिसतोय ना? पण तो आमच्या विद्यार्थ्याचा नाही. ते ऑर्व्हिल आणि विल्बर राइट आहेत. ज्याचा परवाना, त्याचा चेहरा त्यावर कुठेच नाही. मी मुंबईत वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षं हवाई नियमन शिकवलं, आणि दर नव्या तुकडीला हे कार्ड दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘सर, मग हा परवाना याचाच आहे हे कळणार कसं?’

नेमका हाच प्रश्न ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत ऐरणीवर आला. तेव्हा तर परवाना कागदी होता, पाकिटात घडी पडून झिजलेला. फोटोवाला, नक्कल न होणारा परवाना हवा, अशी मागणी सुरू झाली. खासगी वैमानिकांच्या ‘एअरक्राफ्ट ओनर्स अँड पायलट्स असोसिएशन’ने २००२ च्या फेब्रुवारीत एक साधा उपाय सुचवला: परवान्यासोबत सरकारने दिलेलं कुठलंही फोटो ओळखपत्र जवळ ठेवायचं, गाडीचं लायसन्ससुद्धा चालेल. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तसा नियम झाला. पुढे २००३ मध्ये प्लास्टिकचं कार्ड आलं आणि त्यावर राइट बंधू आले. २००४ च्या कायद्याने वैमानिकाचा स्वतःचा फोटो एका वर्षात घाला असं सांगितलं, आणि त्यासाठीच्या नियमाचा मसुदा निघाला तो २०१० साली.

२००२ चा नियम मला मनापासून पटतो. खर्च नाही, त्रास नाही, काम होतं. माझी तक्रार वेगळी आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या चार विमानांच्या सुकाणूवर बसलेल्या चौघांकडे अमेरिकेचे वैमानिक परवाने होते, आणि ते खरे होते. नावं त्यांचीच होती. फोटो असता तर तोही त्यांचाच असता! त्यातले अट्टा आणि अल-शेही फ्लोरिडातल्या व्हेनिस गावच्या शाळेत शिकले. त्यांना विद्यार्थी म्हणून राहण्याची परवानगी मंजूर झाल्याची पत्रं त्या शाळेत पोचली मार्च २००२ मध्ये, म्हणजे हल्ल्याला सहा महिने झाल्यावर. कागद आपल्या चालीने चालत राहिला, माणसं केव्हाच मरून आणि मारून गेली होती.

त्याच २००२ च्या जानेवारीत फ्लोरिडातल्याच टॅम्पा शहरात पंधरा वर्षांच्या एका शिकाऊ मुलाने छोटं सेसना विमान एका उंच इमारतीवर नेऊन आदळलं. त्यात तो एकटाच गेला. उड्डाणाआधीची तपासणी कर म्हणून त्याला विमानाकडे पाठवलं होतं आणि तो परवानगीशिवाय उडाला. त्या शाळेत त्याला कोण ओळखत नव्हतं? चेहरा माहीत होता, नाव माहीत होतं. मनात काय चाललंय ते कुणालाच माहीत नव्हतं.

आता मी तुम्हाला माझा आवडता माणूस भेटवतो. त्याचं नाव होसे मेलेंदेझ-पेरेझ. ऑरलँडो विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी, त्याआधी अनेक वर्षं सैन्यात. तारीख ४ ऑगस्ट २००१, म्हणजे हल्ल्याला पाच आठवडे आहेत. लंडनहून आलेला एक सौदी प्रवासी, अल-काहतानी, त्याच्यापुढे आणून बसवला. पासपोर्ट खरा. व्हिसा खरा. इंग्रजी येत नाही म्हणून दुभाषाला फोन लावला. मेलेंदेझ-पेरेझ विचारतो, परतीचं तिकीट? नाही. हॉटेल? नाही. राहणार कुठे? ठरलं नाही. न्यायला कोण येणार? एक मित्र. त्याचं नाव? इथे प्रवासी बिथरला, आणि मग म्हणाला, कुणीच येणार नाही. बरोबर पैसे किती, तर अठ्ठावीसशे डॉलर.

आता त्या खुर्चीत बसून बघा. त्या काळी सौदी पाहुण्यांशी जपून वागायचं असा रिवाज. नसती भानगड होईल ही भीती. शिक्का मारला असता तर कुणी जाब विचारला नसता, कारण कागद चोख होते. या माणसाने तब्बल दीड तास प्रश्न विचारले. वरिष्ठांकडे गेला आणि म्हणाला, याला परत पाठवायला हवं. आणि मंडळी, वरिष्ठांनी ऐकलं. वरच्याने त्याच्यावरच्याला फोन केला, त्यानेही मान्य केलं. प्रवाशाला विमानापर्यंत सोडायला गेले तेव्हा ज्याला इंग्रजी येत नव्हतं तो वळून इंग्रजीत म्हणाला, ‘मी परत येईन.’

पुढे चौकशी आयोगापुढे, जानेवारी २००४ मध्ये, हे सगळं बाहेर आलं. त्या दिवशी ऑरलँडोच्या विमानतळावर त्याला न्यायला आलेला मित्र म्हणजे महंमद अट्टा. तीन विमानांत पाच-पाच अपहरणकर्ते होते, चौथ्यात चारच, आणि त्या चौथ्या विमानात प्रवाशांनी उलट चढाई केली, ते पेनसिल्व्हेनियातल्या शेतात पडलं, वॉशिंग्टनपर्यंत पोचलं नाही. एक माणूस कमी होता म्हणून काय काय वाचलं असेल, ते मोजता येणार नाही. हे सांगताना आजही माझा गळा दाटून येतो.

त्याच ऑगस्टात मिनेसोटात दुसरी गोष्ट घडली. मुसावी नावाचा एक जण उड्डाणशाळेत आला. नीट उड्डाण येत नव्हतं आणि त्याला जंबो जेटच्या सिम्युलेटरवर बसायचं होतं. फीचे बरेचसे पैसे शंभराच्या नोटांत दिले. शिक्षक अस्वस्थ झाला, शाळेतून एफबीआयला फोन गेले, आणि १६ ऑगस्टला त्याला पकडलंसुद्धा, देशात राहायची मुदत संपली म्हणून. स्थानिक अधिकारी त्याचा लॅपटॉप उघडायची परवानगी मागत राहिले. मुख्यालयाला पुरावा पुरेसा वाटला नाही. ११ सप्टेंबर उजाडेपर्यंत तो लॅपटॉप बंद होता. ऑरलँडोत दारावरच्या माणसाचं वर ऐकलं गेलं, मिनेसोटात दारावरच्यांचं ऐकलं आणि वर जाऊन अडकलं. माझं सगळं म्हणणं या दोन गोष्टींमधल्या फरकात आहे.

मागच्या वर्षी एका व्याख्यानानंतर एका मुलीने मला अडवलं. म्हणाली, सर, संशयाला मोकळं रान दिलं तर आमच्यासारख्यांचं काय? तिचं बरोबर होतं. हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा गावात बलबीरसिंग सोढी या शीख गृहस्थाला आपल्याच पेट्रोलपंपाबाहेर गोळी घातली, केवळ पगडी आणि दाढी पाहून. गोळी घालणाऱ्याने एकही प्रश्न विचारला नव्हता. मेलेंदेझ-पेरेझने दीड तास विचारले, आणि उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत तेव्हा निर्णय घेतला, तोही वरिष्ठांना विचारून. चेहऱ्यावरून ठरवणं आणि उत्तरांवरून ठरवणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हे मी आता प्रत्येक व्याख्यानात सांगतो, त्या मुलीमुळे.

आता माझ्या घरची गोष्ट. आई कोळीवाड्यातली, मामा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. २६/११ नंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्डं द्यायची ठरलं, आणि मामा कार्डासाठी एका कचेरीत गेला. यंत्रावर बोटं ठेवली, ठसा उमटेना. पुन्हा ठेवली, नाही. चाळीस वर्षं जाळ्याचे दोर ओढून बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्या होत्या. तीन खेपा झाल्या, तीन दिवसांची मासेमारी बुडाली. मामा मला म्हणाला, ‘भाच्या, या बोटांनी मी अंधारात दोराला हात लावून सांगतो की बोट कुणाची, आणि त्या यंत्राला मी कोण ते कळंना.’

त्याच मामाने एका रात्री बाहेरच्या समुद्रात बिनदिव्याचा ट्रॉलर पाहिला. वागणं त्याला खटकलं. जाळं टाकत नव्हता, ओढत नव्हता, नुसता तरंगत होता. मामाने फोन केला. पलीकडून विचारलं, किती मैलांवर? मग म्हणे ती आमची हद्द नाही. दुसरा नंबर दिला, तो कुणी उचलला नाही. तो ट्रॉलर निर्दोष असेलही, पण त्यानंतर मामाने पुन्हा कधी फोन केला नाही. कार्ड मात्र त्याला मिळालं, चौथ्या खेपेला, आणि ते तो जपून ठेवतो.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. किनाऱ्याबद्दल जे बोलायला आलो ते आता भरभर सांगतो.

१९९३ मध्ये इथून जवळच, शेखाडीला, आरडीएक्स उतरलं. तिथे दारावर माणसं होती, पण विकली गेलेली. मुंबईच्या त्या बॉम्बस्फोट खटल्यात कस्टमचे आणि पोलिसांचे अधिकारी दोषी ठरले. २००८ मध्ये कराचीहून दहा जण निघाले आणि वाटेत पोरबंदरची ‘कुबेर’ ताब्यात घेतली. खलाशी मारले, आणि मुंबई दिसेपर्यंत जिवंत ठेवलेल्या तांडेलालाही शेवटी मारलं. कुबेर खरी भारतीय बोट होती, नोंदणी खरी होती. दहा जणांकडे कॉलेजची ओळखपत्रं होती, ती मात्र खोटी. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत ते उतरले तेव्हा हटकलं कुणी? तिथल्या कोळ्यांनी. कोण तुम्ही, कुठून आलात? उत्तर मिळालं, तुम्ही आपलं काम बघा. प्रश्न अचूक होता. त्या प्रश्नाला जोर द्यायला त्या क्षणी त्यांच्यामागे कुणी नव्हतं.

त्यानंतर पुष्कळ झालं, आणि ते नाकारायचं नाही. बोटींची नोंदणी झाली, राज्यांनुसार रंग ठरले, वीस मीटरहून लांब बोटींना ओळख सांगणारी यंत्रं आली, सागरी पोलीस ठाणी आली, किनारा सुरक्षेचे ‘सागर कवच’ सराव होतात. १०९३ हा किनारी पोलिसांचा आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा नंबर आहे. कार्डंही हवीत. समुद्रात बुडालेल्याची ओळख पटवायला, पाकिस्तानात पकडलेल्या आपल्या खलाशांना सोडवायला कार्ड लागतंच. तरी २०११ आठवा. आपल्याकडे काही वैमानिक खोट्या गुणपत्रिकांवर परवाने घेऊन विमानं उडवत होते. परवान्यावरचा फोटो त्यांचाच होता.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत, आणि तिन्ही स्वस्त आहेत. एक, कोळ्याने केलेल्या प्रत्येक फोनची नोंद व्हावी, आणि त्याचं काय झालं ते त्याला दुसऱ्या दिवशी कळावं, बोट निर्दोष निघाली तरीही. दोन, हद्दीचा प्रश्न फोन करणाऱ्याला विचारायचा नाही. हद्द कुणाची ते उचलणाऱ्याने शोधायचं. तीन, ‘सागर कवच’मध्ये आपण बोट पकडली का ते तपासतो, तसंच फोन किती मिनिटांत उचलला आणि तो निर्णय घेणाऱ्या माणसापर्यंत पोचला का, हेही तपासावं. नव्या कार्डांच्या निविदा निघतील तेव्हा निघतील. या तीन गोष्टी पुढच्या सरावाआधी होऊ शकतात. तसं निवेदन मी लिहून आणलंय, बाहेर टेबलावर ठेवलंय, वाचून पटलं तर सही करा.

आता प्रश्न घेऊ. कोळीवाड्यातून जे आले आहेत, त्यांचे आधी.