मेदाचा निरोप

(दृश्य: रावेर तालुका, मे महिना. केळीची कापणी सुरू आहे.)

पारा 44 अंशांवर. खांद्यावरचा घड बांधाशी उतरवून मजूर पुन्हा बागेत शिरतो. घामावाटे पाणी जातंय, मीठ जातंय. मूत्रपिंडांना त्याची चाहूल लागते, ती रेनिन हे विकर (एन्झाइम) सोडतात आणि त्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन-टू हे संप्रेरक वाढतं. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब सावरतो.

हेच अँजिओटेन्सिन हृदयाच्या स्नायूपेशीवरही येऊन बसतं.

(दृश्य: पेशीपटलाचं ॲनिमेशन.)

पेशीचं पटल मेदाच्या दोन थरांचं. आतल्या थरात पीआयपी-टू नावाचा मेद असतो, प्रमाणानं अगदी किरकोळ. शेवभाजीवरच्या तर्रीला इथे दोष देऊ नका, हा मेद पेशी स्वतःच घडवते. बाहेर अँजिओटेन्सिन बसलं, की आत फॉस्फोलायपेज-सी हे विकर या मेदाचे दोन तुकडे करतं. डीएजी हा तुकडा पटलातच राहून प्रोटीन कायनेज-सी या दुसऱ्या विकराला कामाला लावतो. दुसरा, आयपी-थ्री, पाण्यात विरघळतो, पेशीत उतरतो आणि साठ्यातलं कॅल्शियम मोकळं करतो. भिंतीतलीच वीट फोडून तिच्या तुकड्यांवर निरोप धाडावा, तसा हा प्रकार!

1953 साली मेबल आणि लोवेल होकिन यांना कबुतराच्या स्वादुपिंडात या मेदांची उलाढाल दिसली. ती कशासाठी, हे कळायला तीस वर्षं गेली. आयपी-थ्री कॅल्शियम सोडवतो, हे मायकेल बेरिज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं ते 1983 मध्ये.

हृदयाचा ठोका मात्र या निरोपावर चालत नाही. ठोक्याचं कॅल्शियम येतं साठ्याच्या वेगळ्या दारातून, रायनोडीन रिसेप्टरमधून. मेदाचा निरोप संथ असतो आणि त्याचा रोख स्नायूच्या वाढीकडे. दुपारपुरता आला, पोटात पाणी गेलं, ओसरला, तर काही बिघडत नाही. उच्च रक्तदाबात तो वर्षानुवर्षं येत राहतो. मग पेशीकेंद्रातली वाढीची जनुकं जागी होतात, पेशी जाड होतात आणि डाव्या खालच्या कप्प्याची भिंतही.

(दृश्य: भुसावळ, मेडिकलचं दुकान.)

टेल्मिसार्टन, लोसार्टन. नावं घरोघरी पाठ आहेत. या गोळ्या अँजिओटेन्सिनची बसायची जागाच अडवतात. रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो, हे सगळेच सांगतात. पण त्या वाटेनं होणारी पीआयपी-टूची फोडही कमी होते. गोळी नियमित घेतली, तर जाड झालेली भिंत हळूहळू थोडी पातळ झालेली इकोमध्ये दिसू शकते.