मोगरा छाटा, आंब्याला हात लावू नका

मंडळी, विषय दिलाय ‘मोगऱ्याची छाटणी’, आणि मी मोगऱ्यावरच बोलणार आहे. पण आधी आंब्याबद्दल थोडं बोलू द्या, नाहीतर माझं मोगऱ्यात लक्ष लागायचं नाही.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक आंबा आहे. रायवळ, पण लोणच्याला अव्वल. संक्रांतीच्या सुमारास मोहरतो. मोहर आला की तुडतुडे येतात, तुडतुडे आले की चिकटा गळतो, आणि तो नेमका खालच्या गाड्यांवर. उपाय काय? गाडी चार हात पलीकडे लावणे. पण कमिटीची बैठक झाली, ठराव झाला, अनुमोदन मिळालं, आणि एका सकाळी करवत घेऊन दोघं झाडावर! मी चहाचा कप हातात घेऊनच खाली धावलो. म्हटलं, “अहो, मोहरलेल्या फांद्या तोडताय!” वरून उत्तर आलं, “काका, गोल करायला सांगितलंय.”

गोल! मेंदी, जास्वंद, कुंदा, सगळ्यांना आधीच मिलिटरी कट मारून झाला होता. कुंदा तर ऐन कळ्यांवर होता हो. शहरात झाडाची फांदी तोडायला १९७५ च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे मी ओरडून सांगितलं. तेव्हापासून सोसायटीत मला ‘प्राधिकरण’ म्हणतात. बायकोसुद्धा. (हशा)

हसा, पण मुद्दा घ्या. आंब्याला मोहर येतो तो आधीच्या हंगामात वाढून पक्व झालेल्या फांदीच्या शेंड्याला. आत्ता कापलंत तर यंदाच्या कैऱ्या कापल्यात. त्याची छाटणी फळं उतरल्यावर. कुंद्याचीही बहर ओसरल्यावर. मोगऱ्याचं मात्र…

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं.’ बरं.

मोगरा कळी धरतो नव्या फुटीवर. म्हणून संक्रांत ते रथसप्तमी हा त्याचा मुहूर्त, आणि उशीर झाला असेल तर आज घरी गेल्यावर. काही दिवस पाणी तोडा. मग झाड निम्मं करा. वाळक्या, काटकुळ्या, एकमेकींत गुंतलेल्या फांद्या बुडातून काढा, उरलेली पानं खुडा. माती हलवा, शेणखत घाला, आता भरपूर पाणी. शेंडा असतो तोवर तो ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली धाडतो आणि खालचे डोळे दबून राहतात. शेंडा गेला की ते फुटतात. मोगऱ्याची पानं समोरासमोर असतात, म्हणून एका कापाखाली बहुधा दोन फुटवे. जितके फुटवे तितक्या कळ्या, हिशेब सोपा आहे.

गुलाबाचं विचारणार, माहीत आहे. फेब्रुवारीत गुलाब छाटा म्हणणारे व्हिडिओ थंड मुलखातले. आपल्याकडे पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. आत्ता फक्त सुकलेली फुलं काढा, नाहीतर कोवळी फूट चैत्राच्या उन्हात होरपळेल.

आणि सुख म्हणाल, तर ते बोडक्या कुंडीपुढे रोज सकाळी उकिडवं बसण्यात आहे. एके दिवशी काळपट काडीवर हिरवा ठिपका दिसतो. तो दाखवायला मी शेजाऱ्यांना हाका मारतो. ते येत नाहीत.

दुसरी चिठ्ठी. लिंबाचे पानसोट, म्हणजे नुसतेच सरळ माजणारे फुटवे, आणि सीताफळ राहिलंच, चहाला विचारा. आणि ज्यांच्या सोसायटीत येत्या रविवारी बैठक आहे, त्यांनी मला आधी गाठा.