जुनी डिजिटल यंत्रं कामाला लावूया

नमस्कार श्रोतेहो. माळ्यावर किंवा स्टुडिओच्या कोपऱ्यात एखादं डॅट, एडॅट किंवा मिनिडिस्क यंत्र, म्हणजे आवाज अंकांच्या रूपात टेपेवर किंवा छोट्या चकतीवर टिपणारं जुनं यंत्र पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी माझं थोडं ऐका.

डॅट 1987 मध्ये आलं. सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने, म्हणजे मोजमापं, टिपणारी इवलीशी कॅसेट! सोनीनं ही यंत्रं बनवणं 2005 मध्ये थांबवलं. आज टेपा आहेत, पण त्या वाचणारी यंत्रं दिवसेंदिवस कमी होताहेत. म्हणून चालतं डॅट यंत्र हाती असेल, तर आधी त्या टेपा संगणकावर उतरवा. हेडफोनच्या भोकातून नको, मागच्या डिजिटल आउटमधून घ्या, म्हणजे आवाज जसाच्या तसा येतो. दोन तासांच्या टेपेला दोन तास लागणारच. पहिल्यांदा बिनमहत्त्वाची टेप चालवून पाहा. रबरी रोलर कडक झाला असेल, तर टेप यंत्रातच गुरफटते. महत्त्वाची टेप 'ऐकून तर बघू' म्हणून लावू नका, पहिल्याच फेरीत रेकॉर्डिंग चालू ठेवा. आणि संगणकावरची नमुनासंख्या टेपेशी जुळवा. 48,000 ची मैफल 44,100 च्या वेगानं वाजली, तर काळी चारमध्ये गाणारा गायक जवळजवळ दीड पट्टी खाली उतरतो. कुणाच्या गाण्याचं असं होऊ देऊ नये.

एडॅट 1992 चं, एस-व्हीएचएस या व्हिडिओ टेपेवर आठ ट्रॅक, म्हणजे आठ वेगवेगळे आवाज. त्याची टेप फिरवणारी यंत्रणा बिघडली, तरी आवाज अंकांत बदलणारा भाग बहुधा शाबूत असतो. त्याची प्रकाशतारेची जोडणी आजच्याही अनेक ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे संगणकात आवाज नेणाऱ्या पेट्यांवर आहे. एका तारेतून आठ वाहिन्या! माइकसाठी प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण आवाज वाढवणारं उपकरण, मात्र वेगळा लागेल. सुरुवातीचं एडॅट प्रत्येक नमुना सोळा बिटांत, म्हणजे सोळा अंकांत मांडतं; तेवढ्यात काम भागतं? माझ्या मते पखवाज, टाळ, कोरस यांच्या घरगुती ध्वनिमुद्रणाला उत्तम भागतं.

मिनिडिस्क तर एकांकिका करणाऱ्यांनी जरूर वापरावी. अनेक यंत्रांत ऑटो-पॉज असतो: एक तुकडा वाजला की यंत्र आपोआप थांबतं आणि पुढच्या तुकड्याच्या तोंडाशी तयार राहतं. पार्श्वसंगीत देणाऱ्याला याहून काय हवं? जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणासाठी मात्र ती नको, कारण ती आवाजातला काही भाग गाळूनच साठवते.

टेप उतरवली, की फाइलच्या नावात कलाकार, गाव आणि तारीख लिहा. साथीला कोण होतं हे टेपेच्या वेष्टणावर नसेल, तर त्या बैठकीला हजर असलेल्यांना या आठवड्यातच फोन करा.