बॉल पायाशी नसताना

(दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. नोव्हेंबरची सकाळ. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावराला लागून मोकळं पटांगण.)

या पटांगणाची माती काळी आहे. पावसाळ्यात तिच्यात घोट्यापर्यंत पाय रुततो आणि दिवाळी सरली की तीच माती वाळून भेगाळते. भेगेच्या कडेवर बॉल आपटला तर तो कुठे उसळेल याचा अंदाज फक्त इथे खेळणाऱ्यांनाच येतो. म्हणून आज सकाळपासून पोरं घमेल्यांनी माती आणून भेगा बुजवताहेत, पाणी शिंपडताहेत, धुम्मसानं ठोकताहेत. गोलाचे खांब बांबूचे. मैदानाच्या रेघा चुलीतल्या राखेनं ओढलेल्या.

पटांगणापलीकडे कौलारू चर्च आणि त्याला लागून जुन्या काळचं मिशनचं घर. आसपासच्या गावांतल्या मंडळ्यांमधली, म्हणजे चर्चच्या समुदायांमधली, तरुण मुलंमुली कापसाची पहिली वेचणी उरकली की इथे एकांतवासाला येतात. कुणी एसटीनं, कुणी ऑटोनं, कुणी मोटारसायकलवर तिघं बसून. बोंडांच्या टोकांनी ओरखडलेले हात अजून बरे झालेले नाहीत. दारातच पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एक स्टीलचा डबा पुढे करतात. मोबाइल त्यात जातो आणि तीन दिवसांनीच परत मिळतो.

तीन दिवस प्रार्थना, पवित्र शास्त्राचं वाचन आणि मौन. आणि रोज संध्याकाळी साडेचार वाजता फुटबॉल.

या दोन गोष्टी एका वेळापत्रकात कशा बसल्या, हे बघायला आम्ही इथे आलो.

(दृश्य: नागपूर. हिस्लॉप कॉलेजची इमारत. मग टाकळघाट परिसरातली शिळावर्तुळं.)

विदर्भात चर्च आणि शाळा बहुतेक हातात हात घालून आल्या. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपूरला आले. त्यांनी शाळा काढली, इथले खडक आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांची गाणी लिहून घेतली. 1863 साली टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्याच वर्षी, काही आठवड्यांनी, लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि या खेळाचे नियम लिहायला घेतले गेले. म्हणजे ज्या माणसाच्या नावानं 1883 साली नागपुरात कॉलेज उभं राहिलं, त्याला आज आपण खेळतो तो फुटबॉल बघायलाच मिळाला नाही. पण पुढे याच हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे क्रीडा शिक्षक होते. पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं त्यांनी पाहिली आणि 2001 साली त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. नागपूरच्या वस्त्यांमधून निघालेलं ते काम आज जगभर ठाऊक आहे.

यवतमाळचा इतिहास निराळा. इथे 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. देशभरातले विद्यार्थी या कापसाच्या गावात ईश्वरविज्ञान शिकायला यायचे. 1983 साली सेमिनरी पुण्याला हलली. जिल्ह्यातल्या लहान लहान मंडळ्या मात्र इथेच राहिल्या. पाळक कमी, गावं लांब लांब, रविवारी एकाच माणसानं तीन ठिकाणी उपासना घ्यायची. अशा ठिकाणी तरुणांना वर्षातून एकदा तीन दिवस एकत्र बसायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. शहरातल्या मंडळीला तिचं मोल सहजी कळणार नाही.

(दृश्य: मिशनच्या घराचा व्हरांडा. दुपार. सतरंज्यांवर झोपलेली मुलं.)

पहिल्या दुपारी इथे कुणी प्रवचन देत नाही. जेवण होतं. वरण, भात, भाकरी, वांग्याची भाजी, वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. आणि मग सगळे झोपतात. नव्यानं आलेल्यांना हे विचित्र वाटतं. प्रार्थनेला आलो आणि झोपायला काय सांगतात?

पाळकसाहेब त्यांना एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगतात. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. एलीया जीव मुठीत धरून रानात पळाला, एका झुडपाखाली पडला आणि म्हणाला, देवा, आता पुरे, माझा प्राण घे. देवानं त्याला उपदेश केला नाही. देवदूतानं त्याला भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. कारण पुढची वाट लांबची होती. होरेब डोंगरावर वारा, भूकंप आणि अग्नी येऊन गेल्यानंतर जो मंद स्वर त्याला ऐकू आला, त्याच्या आधी ही झोप आहे. महिनाभर पहाटे उठून कापूस वेचलेल्या पोरापोरींना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

(दृश्य: पहाट. मुलं वेगवेगळी बसली आहेत, कुणी निंबाखाली, कुणी विहिरीच्या कठड्यापाशी.)

दुसऱ्या दिवशी पहाटे मौन सुरू होतं. प्रत्येकानं एक लहान उतारा घ्यायचा, तो सावकाश दोनतीनदा वाचायचा आणि गप्प बसायचं. आधी टाळ-मृदंगावर एक भजन होतं. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगाच्या चालीत आणली, त्यामुळे इथल्या मंडळीला देवाशी बोलायला परक्या सुराची गरज पडली नाही. हेच टिळक 1895 साली बाप्तिस्मा घेण्याआधी काही काळ नागपुरात बुटी नावाच्या धनिकांकडे संस्कृत ग्रंथांचं काम करत होते. विदर्भाचा त्यांच्यावर तेवढा हक्क आहेच.

भजन संपतं आणि खरी कसोटी सुरू होते. पहिली दहा मिनिटं बरी जातात. मग डास चावतो. मग घरची आठवण येते, कापसाचा भाव आठवतो, व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे आठवतात. एक पोरगा आम्हाला म्हणाला, "डोये मिटले की मले आमचं वावरच दिसते. येशू कुठी दिसत नाई." त्यानं हे तक्रार म्हणून सांगितलं. आमच्या मते ती त्याची त्या दिवसाची सगळ्यात प्रामाणिक प्रार्थना होती.

आध्यात्मिक वाढीबद्दल आपण बहुतेक वेळा मोठ्या क्षणांच्या साक्षी ऐकतो. अमुक रात्री डोळ्यांत पाणी आलं, अमुक गाण्याला देव भेटला. ते क्षण खरेच असतात. पण त्या दोन क्षणांच्या मधे जी महिनोन् महिने कोरडी वाट असते, तिच्याबद्दल मंडळीत फारसं कुणी बोलत नाही. त्यामुळे प्रार्थनेत काहीच न जाणवणाऱ्या विशीतल्या पोराला वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलंय. तो हळूहळू येणं सोडतो.

इथे त्याला उत्तर संध्याकाळी साडेचार वाजता मिळतं.

(दृश्य: पटांगण. एक मुलगा बॉलमध्ये हवा भरतो आहे.)

पंपाची सुई जिभेवर ओली करायची आणि मगच बॉलच्या तोंडात सरळ घालायची. कोरडी घातली तर आतलं रबर फाटतं आणि बॉल कायमचा हवा सोडायला लागतो. हवा भरली की अंगठ्यानं दाबून बघायचं. या जमिनीवर बॉल थोडा मऊच ठेवतात, नाहीतर तो भेगेवरून उडून थेट पऱ्हाटीत जातो.

सात-सात जणांचे संघ. बूट दोघातिघांकडेच, बाकीचे अनवाणी. पाळकसाहेब तरुणपणी डाव्या बगलेला खेळायचे, आता शिट्टी त्यांच्याकडे असते. पहिल्या अर्ध्या तासात जे होतं ते प्रत्येक गावात होतं. बॉल जिकडे, तिकडे चौदाच्या चौदा. धुरळ्याचा एक लोट मैदानभर फिरत राहतो.

मग शिट्टी वाजते आणि सगळ्यांना मधे बोलावतात.

"पोट्ट्यांनो, बॉल तुमच्यापाशी नसला त तुम्ही काय करता?"

"बॉलच्या मागं पयतो, साहेब."

"आन् नाई भेटला त?"

"मंग उभं रायतो."

पाळकसाहेब हिशोब मांडतात. नव्वद मिनिटांच्या पूर्ण सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी बॉल किती वेळ असतो? जेमतेम दोन-तीन मिनिटं. उरलेला सगळा वेळ बॉलशिवायचा. जागा धरून ठेवायची, सोबत्याला वाट मोकळी करून द्यायची, पास येणार नाही हे दिसत असूनही धावायचं, गेलेला बॉल परत मिळवायला मागे यायचं. सामना जिंकला जातो तो या वेळात. गॅलरीतल्या माणसाला ते दिसत नाही, सोबत खेळणाऱ्याला मात्र नक्की कळतं.

आणि मग ते एवढंच म्हणतात, "सकायी डोये मिटून बसले होते ना, ते हेच होतं."

सकाळी येशू दिसत नाही म्हणणारा पोरगा उजवीकडे बचाव खेळतो. त्यानं मान वर केली, पण बोलला काही नाही. पुढच्या अर्ध्या तासात तो एकदाही बॉलच्या घोळक्यात गेला नाही. स्वतःची बाजू सांभाळून राहिला आणि त्या बाजूनं एकही गोल झाला नाही.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. ग्लासगो. ब्वेनोस आयरेस.)

चर्चनं फुटबॉल जवळ केला ही काही इथली नवलाई नाही. ग्लासगोमध्ये 1887 साली ब्रदर वॉलफ्रिड यांनी सेल्टिक क्लब काढला तो गरीब वस्तीतल्या मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे राहावेत म्हणून. इंग्लंडमधले एव्हर्टन, साउथॅम्प्टन हे क्लबही मुळात चर्चच्या मुलांचेच. अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसच्या रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांना ट्रामखाली येण्याचा धोका होता म्हणून फादर लोरेन्सो मासा यांनी त्यांना चर्चच्या अंगणात खेळायला बोलावलं. त्यातून 1908 साली सान लोरेन्सो क्लब झाला. पोप फ्रान्सिस लहानपणापासून शेवटपर्यंत याच क्लबचे चाहते होते. आणि पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणी पोलंडमध्ये गोलकीपर म्हणून खेळायचे.

फादर मासांची एक अट होती म्हणतात. अंगणात खेळायचं तर मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, यायचं. अशी अट अनेक ठिकाणी असते आणि तिच्यामागचा हेतू चांगलाच असतो. तरी आम्हाला वाटतं, फुटबॉल हे पोरांना चर्चमध्ये ओढायचं आमिष झालं की दोन्हींचं नुकसान होतं. पोरं अट पुरी करतात आणि मन बाहेर ठेवतात. या गावात खेळ शिबिराच्या आत आहे, प्रार्थनेच्या शेजारी. इथल्या काही वडीलधाऱ्यांना तेही पटत नाही. एकांताच्या दिवसांत आरडाओरडा कशाला, असं ते उघड म्हणतात. त्यांचा मुद्दा हलका नाही. म्हणूनच सामना बरोबर एक तासाचा असतो आणि शिट्टीनंतर बॉल कुलपात जातो.

संत पौलानंही करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला लिहिताना खेळाचाच दाखला घेतला होता. करिंथच्या जवळ इस्थमी खेळ दर दोन वर्षांनी भरायचे, वाचणाऱ्यांनी धावपटू आणि मुष्टियोद्धे डोळ्यांनी पाहिलेले होते. कोमेजणाऱ्या मुकुटासाठी ते एवढा संयम पाळतात, मग न कोमेजणाऱ्यासाठी आपण का नको, असा त्याचा रोख. त्या पत्रातला देह घाम गाळणारा आहे, आणि देवाला तो चालतो.

(दृश्य: रात्र. व्हरांड्यात कंदील. मुलं गोल करून बसली आहेत.)

रात्रीच्या जेवणानंतर दिवसाची तपासणी होते. ही रीत जुनी आहे. स्पेनचे इग्नेशियस लोयोला 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं जायबंदी झाले. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांचं मन पालटलं आणि पुढच्या वर्षी मनरेसा इथं राहून त्यांनी आध्यात्मिक साधनेची टिपणं काढायला घेतली. दिवस संपताना तो देवासमोर पुन्हा उलगडायचा. कशाबद्दल कृतज्ञ आहे, कुठे देव जवळ वाटला, कुठे मी दूर गेलो, उद्या काय हवं आहे. ही मंडळी प्रोटेस्टंट, इग्नेशियस कॅथलिक संत. इथे त्यावरून कुणी वाद घालत नाही.

आज तपासणीत सामना आला. डाव्या बगलेला खेळणाऱ्या एका पोरानं संध्याकाळी समोरच्याला मुद्दाम पायात पाय घालून पाडलं होतं. शिट्टी वाजली नव्हती, कुणी पाहिलं नव्हतं. तो आपणहून बोलला. म्हणाला, त्याच्या बापानं माझ्या काकाच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण केलं, ते माह्या डोक्यात होतं.

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. ज्याला पाडलं होतं तो म्हणाला, "मले मालूम होतं." आणि सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.

शेताचा धुरा, दोन घरांमधला अबोला, एकाच मंडळीत वेगवेगळ्या बाकांवर बसणारी कुटुंबं. विदर्भातल्या खेड्यात क्षमेचा विषय इथूनच सुरू होतो. प्रवचनात तो वर्षानुवर्षं येत असेल. मैदानानं तो एका संध्याकाळी वर काढला, आणि रात्रीच्या मौनानं त्याला तोंड दिलं. एकटा फुटबॉल असता तर दुसऱ्या दिवशी मारामारी झाली असती. एकटं मौन असतं तर ती गोष्ट कदाचित अजून पाच वर्षं आत राहिली असती.

(दृश्य: तिसरा दिवस. मुलींचा सामना.)

मुलींचा संघ यंदा पहिल्यांदा झाला. आधी त्या स्वयंपाकाला आणि गाण्याला असायच्या. यंदा त्यांनी सांगितलं, भांडी सगळे मिळून घासू आणि आम्हीही खेळू. पाळकीणबाईंनी ते लगेच उचलून धरलं. सलवारीचे पाय वर खोचून, ओढण्या कुंपणावर टाकून त्या उतरल्या. गोलकीपर मुलगी रोज विहिरीवरून पाणी भरते, तिच्या हातात आलेला बॉल एकदाही सुटला नाही.

दुपारी प्रभुभोजन झालं, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर वाटून खाण्याचा विधी. त्या दोन पोरांनी भाकरीचं ताट एकमेकांच्या हातातून पुढे दिलं. त्यांच्या घरच्यांना हे अजून ठाऊक नाही. धुऱ्याचा निकाल दोन पोरांच्या हातात नाही, हे दोघांनाही कळतं. पण दिवाळीत बंद झालेलं घरी येणं-जाणं पुन्हा सुरू करायचं, एवढं त्यांनी आपसांत ठरवलं आहे.

डबा उघडला, मोबाइल वाटले गेले. कुणी लगेच सुरू केले, काहींनी तसेच खिशात टाकले. एसटीची वाट बघत फाट्यावर उभं असताना पुढचं ठरलं. प्रत्येक गावच्या टोळीनं शनिवारी पहाटे अर्धा तास शांत बसायचं आणि संध्याकाळी खेळायचं. तूर निघाली की पुन्हा याच पटांगणावर भेट, आणि त्या वेळी मुलींचा सामना आधी.